‘विमा नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

ज्याला घर नाही त्याला आपण बेघर म्हणतो. काम नाही तो बेरोजगार, वारस नाही तो बेवारस, जमीन नाही तो भूमिहीन. मग ज्याचा विमा नाही त्याला काय म्हणायचे? इंग्रजीत यासाठी ‘अनइन्शुअर्ड’ असा एकच शब्द आहे. मराठीत ‘विमारहित’, ‘विमाविहीन’ असे शब्द तयार करता येतात, सरकारी कागदावर ‘विमा न उतरविलेला’ असे लिहिले जाते, उर्दूत ‘गैर बीमाशुदा’ म्हणता येते. पण अंधेरीच्या रिक्षा स्टँडवर, घाटकोपरच्या गल्लीत किंवा बोरिवलीच्या लोकलमध्ये यांतला एकही शब्द कानावर पडत नाही. लोक म्हणतात, ‘गाडीचे पेपर नाहीत’, ‘मेडिक्लेम काढलं नाही’, ‘पॉलिसी बंद पडली’, ‘दोन वर्षं एलआयसी भरली नाही’.

एखाद्या गोष्टीला शब्द नसणे ही किरकोळ बाब वाटेल. पण शाळेत उर्दू आणि मराठी शिकवताना आम्हाला एक गोष्ट वारंवार जाणवते. माणसाला जी उणीव रोज टोचते, तिला भाषा लवकर नाव देते. बेघराला रोज रात्री घर नसल्याचे कळते, बेरोजगाराला रोज सकाळी काम नसल्याचे कळते. विमा नसणे मात्र वर्षाचे ३६४ दिवस जाणवत नाही. ते एकाच दिवशी जाणवते आणि त्या दिवशी काही करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून ‘बेविमा’ असा शब्द कोणी घडवला नसावा.

शाळेच्या काही अर्जांमध्ये ‘कुटुंबाचा आरोग्य विमा आहे / नाही’ असा रकाना असतो. बहुतेक पालक ‘नाही’वर खूण करून अर्ज परत देतात. त्यांच्याशी दोन मिनिटे बोलले तर त्या एका ‘नाही’च्या पोटातून अनेक निरनिराळ्या गोष्टी निघतात. त्या वेगळ्या करून पाहिल्या तर प्रत्येक घराला काही ना काही उपयोग होईल, असे आम्हाला वाटते.

भय, अमन आणि जबाबदारी

आधी मूळ शब्द पाहू. ‘विमा’ हा आपल्या घरातलाच शब्द आहे. फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती, धोका. उर्दू शायरीत ‘बीम-ओ-रजा’ म्हणजे भय आणि आशा ही जोडी नेहमी येते. या ‘बीम’पासून ‘बीमा’ आणि मराठीत त्याचाच ‘विमा’ झाला. विम्याच्या आसपासचे इतर शब्दही असेच आपल्या ओळखीचे आहेत. ‘हप्ता’ फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात यावरून आला, कारण सात दिवसांचा तो हप्ता. ‘वारस’, ‘दावा’, ‘रक्कम’, ‘नुकसान’ हे सारे अरबीतून आलेले. विम्याच्या अर्जावरचे असे शब्द काढून टाकले तर अर्जाचा बराच भाग कोरा राहील.

अरबीत विम्याला ‘तअमीन’ म्हणतात. हा शब्द अमन, अमानत आणि ईमान यांच्याच मूळ धातूचा. म्हणजे फारसीने त्या व्यवहारातले भय पाहिले, तर अरबीने भयानंतरची निश्चिंती. तिसरा शब्द ‘तकाफुल’, म्हणजे एकमेकांची जबाबदारी घेणे. आखातात नोकरी करून आलेल्या प्रत्येकाला ‘कफील’ हा शब्द माहीत असतो. कफील म्हणजे जामीन राहणारा, जबाबदारी घेणारा. तकाफुल त्याच कुळातला आहे.

मराठीत ‘विमा काढणे’ असेही म्हणतात आणि ‘विमा उतरवणे’ असेही. उतरवणे हे क्रियापद आपण डोक्यावरच्या ओझ्यासाठी वापरतो, मुलाची नजर काढण्यासाठीही वापरतो. दोन्हीकडे एकच भावना आहे: काहीतरी अंगावरून खाली यावे. मग विमा उतरवला नाही, तर ते ओझे जाते कुठे? या लेखातला खरा प्रश्न हाच आहे.

पहिला ‘नाही’: संपला

विमा कधी काढलाच नाही, हा ‘नाही’ सरळ आहे. त्याहून फसवा ‘नाही’ म्हणजे विमा होता, पण संपला. अशा घरात कपाटात पॉलिसीचा कागद असतो आणि तो पाहून सगळे निश्चिंत असतात.

मोटारसायकलच्या बाबतीत हे फार घडते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा निदान ‘थर्ड पार्टी’ विमा असलाच पाहिजे. तो नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा सापडल्यास दंड ४ हजार. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेतानाच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. ही सोय चांगली आहे, पण पाच वर्षांत कुटुंब ती तारीखच विसरून जाते.

‘थर्ड पार्टी’ म्हणजे तिसरा माणूस. पहिले तुम्ही, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा रस्त्यावरचा तो अनोळखी, ज्याला तुमच्या गाडीचा धक्का लागू शकतो. हा विमा तुमच्यासाठी नसतोच, तो त्याच्यासाठी असतो. त्यामुळे हा विमा नसणे ही केवळ स्वतःची बेपर्वाई राहत नाही. ती हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांच्या हक्कांशी जोडलेली गोष्ट होते.

पूर्व उपनगरातल्या आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील शिंपीकाम करीत. इशाची नमाज आटोपून घरी येताना त्यांना एका मोटारसायकलची धडक बसली आणि उजव्या हाताचे हाड मोडले. गाडी चालवणारा मुलगा त्याच मोहल्ल्यातला, सामान पोहोचवण्याचे काम करणारा. गाडी त्याच्या वडिलांच्या नावावर आणि तिचा विमा अकरा दिवसांपूर्वी संपलेला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई ठरली, पण ती द्यायला कंपनी नव्हती, म्हणून ती गाडीच्या मालकावर आली. मालकाकडे होते काय? ज्याला मिळायचे त्याला वेळेवर मिळाले नाही आणि ज्याने द्यायचे तो कर्जात बुडाला. त्या वर्षी आमच्या विद्यार्थ्याने अकरावीला प्रवेश घेतला नाही, तो कापड दुकानात कामाला लागला. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीच्या थर्ड पार्टी विम्याचा २०२२ मध्ये ठरलेला दर वर्षाला ७१४ रुपये, अधिक कर, इतका आहे. त्या पैशांसाठी दोन घरांची घडी विस्कटली.

याच संदर्भात आणखी एक सावधगिरी. आपल्या वस्त्यांमध्ये जुनी गाडी विकताना चावी आणि कागद दिले की व्यवहार संपला असे समजतात. आरटीओमध्ये नाव बदलायचे राहून जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. म्हणजे गाडी विकून तीन वर्षे झाली असली, तरी तुमच्या नावावरची ती विमा संपलेली गाडी कोणाला धडकली तर नोटीस तुमच्या दारात येईल.

आयुर्विम्यातही ‘बंद पडलेली’ पॉलिसी हा प्रकार आहे. हप्ता चुकला तर सवलतीची मुदत मिळते: महिन्याच्या हप्त्याला १५ दिवस, तिमाही, सहामाही किंवा वार्षिक हप्त्याला ३० दिवस. त्यानंतर पॉलिसी लॅप्स होते. साधारणपणे पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत ती पुन्हा चालू करून घेता येते. तेव्हा कपाटातला कागद रद्दी समजण्याआधी एकदा शाखेत विचारून यावे.

दुसरा ‘नाही’: आहे, पण यासाठी नाही

१३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडा नगरजवळ पेट्रोल पंपावर प्रचंड होर्डिंग कोसळले. १७ जणांचा जीव गेला, ७० हून अधिक जखमी झाले आणि पंपावर उभ्या असलेल्या गाड्या लोखंडाखाली चिरडल्या. अशा वेळी ज्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा आहे, त्या गाडीच्या मालकाला स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही त्या विम्यातून मिळत नाही. पोलिसाने अडवले तर त्याचे ‘पेपर’ पूर्ण आहेत. नुकसानीच्या बाबतीत मात्र तो विमा नसलेलाच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी ‘ओन डॅमेज’ भाग वेगळा घ्यावा लागतो.

२६ जुलै २००५ चा दिवस उपनगरांत कोण विसरेल? सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यावरच्या खोल्या, दुकाने, शिवणयंत्रे, फ्रीज, मुलांची दप्तरे सगळे पाण्यात गेले. त्यानंतर अनेक सोसायट्यांनी इमारतीचा विमा काढला. पण सोसायटीचा विमा साधारणपणे इमारतीचा असतो: भिंती, छप्पर, जिना, लिफ्ट. तुमच्या खोलीतले सामान त्यात येत नाही. त्यासाठी घरसामानाचा विमा वेगळा. सोसायटीच्या बैठकीत ‘आपला विमा आहे’ असे ऐकून घरी येणाऱ्याने ‘कशाचा?’ एवढा एक प्रश्न विचारून यावा.

आरोग्य विम्यात हा ‘नाही’ सर्वांत जास्त दुखावतो. आधीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो. विमा नियामक संस्थेने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. तोपर्यंत त्या आजारापुरता तुम्ही विमा नसलेलेच असता. अर्ज भरताना आजार लपवला तर नंतर दावा फेटाळला जाण्याची भीती वेगळीच. एजंट ‘शुगरचे लिहू नका, हप्ता वाढेल’ असे सुचवतो आणि आपण मान हलवतो. खोटे लिहिणे हे खोटेच आहे, मग ते फॉर्मवर असो की जबानीत. त्याची किंमत आजारपणाच्या दिवसांत चुकवावी लागते.

तिसरा ‘नाही’: तेवढ्याचा नाही

बँकेतल्या ठेवीचाही विमा असतो, हे पुष्कळांना सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा कळले. भांडुपला मुख्य कार्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसी बँकेवर, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढण्याची परवानगी होती. मुलुंड, भांडुप, अंधेरीपासून सगळीकडे बँकेच्या दारात वयस्कर माणसांच्या रांगा लागल्या. निवृत्तीचा पैसा, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, हज यात्रेसाठी साठवलेले पैसे, सगळे एका कुलपामागे गेले.

त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा होती १ लाख रुपये. ही मर्यादा १९९३ पासून तशीच होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतच्या ठेवीदारांचा मार्ग मोकळा झाला. ज्यांची ठेव त्याहून मोठी होती, त्यांची वरची रक्कम वर्षानुवर्षांच्या टप्प्यांत परत मिळण्याची योजना झाली.

इथे आपल्या शब्दाचा अर्थ आणखी बारीक होतो. बँकिंगच्या भाषेत ‘विमा नसलेली ठेव’ म्हणजे ५ लाखांवरची रक्कम. एकाच माणसाच्या एकाच खात्यात १२ लाख असतील, तर ५ लाख विमा असलेले आणि ७ लाख विमा नसलेले. ही मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदारासाठी असते. दोन शाखांत दोन खाती उघडली तरी बेरीज एकच धरली जाते आणि त्यात व्याजही मोजले जाते. वेगवेगळ्या बँकांत ठेवले तर प्रत्येक बँकेपुरते वेगळे संरक्षण मिळते.

शिवाय हा विमा फक्त बँकांना लागू आहे. आपल्या गल्लीतली पतसंस्था किंवा पतपेढी कितीही ओळखीची असली, तिचा संचालक जमातीतला असला, तरी तिथली ठेव या विम्याच्या बाहेर आहे. भिशीचे पैसे तर फक्त भरवशावर असतात. पतसंस्था किंवा भिशी वाईट, असे आम्ही म्हणत नाही. तिथे ठेवलेल्या रकमेला ‘विमा नाही’ हे माहीत असून ठेवावे, एवढेच.

चौथा ‘नाही’: आहे, पण माहीत नाही

अर्जावर ‘नाही’ लिहिणाऱ्या काही पालकांचा विमा खरे तर असतो. त्यांना त्याचा पत्ता नसतो.

मुलुंड, कांदिवली आणि अंधेरीच्या मरोळ भागात ‘कामगार हॉस्पिटल’ कुठे आहे, असे विचारले तर कोणीही सांगेल. ही रुग्णालये कर्मचारी राज्य विमा महामंडळाची. त्यांचा मूळ कायदा १९४८ चा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ही योजना आहे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो आणि उपचार कामगारालाच नव्हे, त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबालाही मिळतात. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दर महिन्याला दिसते. ती पाहून आपण ‘पैसे कापले’ म्हणतो, ‘विमा आहे’ म्हणत नाही.

दुसरे उदाहरण राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई उपनगरही होते. पुढे ती राज्यभर गेली, नाव बदलले. आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसह तिचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही ती खुली झाली आहे. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. त्याच्याकडे शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन जायचे असते. प्रत्येक आजार आणि प्रत्येक रुग्णालय यात नाही, म्हणून भरती होण्याआधीच विचारावे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळू शकते. आपल्या घरातल्या दादा-दादी, नाना-नानींचे कार्ड काढले आहे का?

तिसरे, पासबुक उघडा. मे महिन्याच्या अखेरीस २० रुपये कापलेले दिसतात का? ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. खात्यात त्या दिवशी २० रुपये नसतील तर संरक्षण थांबते. घरातला कर्ता अपघातात गेला आणि पासबुकातल्या त्या ओळीचा अर्थ कोणाला ठाऊकच नसेल, तर दावा करणार कोण?

पाचवा ‘नाही’: नको

आता त्या ‘नाही’कडे येऊ, ज्याची चर्चा आपल्या घरांत हळू आवाजात होते. अनेक जण विमा घेत नाहीत, कारण त्यांना त्यात रिबा म्हणजे व्याज, गरर म्हणजे अनिश्चिततेचा सौदा आणि जुगाराचा अंश दिसतो. ही शंका आजची नाही. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन (निधन १८३६) यांनी युरोपी व्यापाऱ्यांच्या जहाजविम्याचा विचार केला होता. तो त्यांच्याकडे ‘सौकरा’ या नावाने ओळखला जाई आणि त्यांनी तो अमान्य केला. १९८५ मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि सहकारी पद्धतीच्या, एकमेकांना मदत करणाऱ्या विम्याला मान्यता दिली. सुदानमध्ये १९७९ मध्ये आणि मलेशियात १९८४ च्या कायद्यानंतर तकाफुल संस्था उभ्या राहिल्या. भारतात मात्र ती सोय सामान्य कुटुंबाच्या हाताशी नाही. इथली परिस्थिती, विशेषतः दंगलींत होणारे जीविताचे आणि मालमत्तेचे नुकसान लक्षात घेऊन भारतीय उलमांनी या प्रश्नाचा वेगळा विचार केला. लखनौच्या नदवतुल उलमाच्या संशोधन मजलिसने १९६५ मध्येच हा विषय हाती घेतला होता. कायद्याने सक्तीच्या असलेल्या विम्याला तर अनेक उलमांनी मजबुरी म्हणून वाट दिली आहे.

आम्ही मुफ्ती नाही आणि फतवा देणे आमचे काम नाही. ज्याला शंका आहे त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना प्रत्येक प्रकार वेगळा करून विचारावा: गाडीचा थर्ड पार्टी, सरकारी आरोग्य योजना, नोकरीतून आपोआप मिळणारा विमा, बचत जोडलेली आयुर्विमा पॉलिसी. या चारही गोष्टी एकसारख्या नाहीत, त्यामुळे उत्तरही एकसारखे नसेल.

पण भाषेच्या शिक्षकाला इथे एक फरक दाखवून द्यावासा वाटतो. ‘नको’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द आहेत. ज्याने विचारून, समजून ‘नको’ म्हटले, त्याने पुढचा विचारही केलेला असतो. तो बचत वेगळी ठेवतो, जमातीच्या बैतुलमालमध्ये भर घालतो, भावंडांशी बोलून ठेवतो. ज्याने कंटाळ्यापायी, विसरभोळेपणामुळे किंवा हप्ता वाचवण्यासाठी विमा घेतला नाही आणि विचारल्यावर ‘हमारे यहाँ जायज नहीं’ म्हटले, त्याचा ‘नाही’ वेगळा आहे. तवक्कुलचे नाव घेण्याआधी उंट बांधून ठेवण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाच्या सात वर्षांसाठी धान्य राखून ठेवले. ती पूर्वतयारी त्यांच्या अल्लाहवरील विश्वासाच्या आड आली नाही.

मग भार कोणावर?

‘विमा नसलेला’ या शब्दाने आपली एक मोठी फसगत होते. तो ऐकला की वाटते, त्या माणसाला कोणाचेच संरक्षण नाही. प्रत्यक्षात संकट आले की कोणीतरी भार उचलतोच. रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी बायकोच्या बांगड्या जातात. धाकटा भाऊ ऑफिसातून कर्ज काढतो. गावाकडची जमीन विकली जाते. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात चादर पसरली जाते, व्हॉट्सअॅपवर बिलाचा फोटो फिरतो. मुलगी कॉलेज सोडते. म्हणजे ज्याला आपण विमा नसलेला म्हणतो, त्याचा विमा असतो. तो त्याच्या नातेवाइकांवर उतरवलेला असतो, फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते.

आपल्या परंपरेत हा भार वाटून घेण्याची रीत आधीपासून आहे. नकळत झालेल्या हत्येची दियत एकट्याने न देता ‘आकिला’ म्हणजे नातेगोत्याचा गट मिळून देत असे. मदीनेच्या करारातही प्रत्येक गटाने आपापल्या लोकांची दियत आणि कैद्यांच्या सुटकेचा खर्च मिळून उचलावा अशी व्यवस्था होती. त्या व्यवस्थेत कोणावर किती भार येणार, हे आधी ठरलेले असे. आज आपण भार नातेवाइकांवरच टाकतो, पण आधी ठरवून टाकत नाही. संकटाच्या रात्री फोन करून टाकतो.

म्हणून एखाद्या रविवारी दुपारचे जेवण झाल्यावर सगळ्यांनी दस्तरख्वानाभोवतीच थांबावे आणि एक वही काढावी. घरातल्या प्रत्येक गाडीची विम्याची तारीख आणि आरटीओतले नाव लिहावे. प्रत्येक बँकेतली ठेव लिहून ५ लाखांच्या वर काय आहे ते पाहावे. पगाराच्या चिठ्ठ्या, शिधापत्रिका, दादा-दादींचे आयुष्मान कार्ड एका पाकिटात ठेवावे. आजार कोणकोणते आहेत आणि त्यांचा प्रतीक्षा काळ कधी संपतो, ते लिहावे. वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे तेही पाहावे, कारण पुष्कळदा तिथे लग्नाआधी लावलेले अम्मीचेच नाव असते आणि बायकोला त्याची खबर नसते. मृत्यूनंतरची वाटणी शरीअतप्रमाणे व्हायची असेल, तर तेही घरच्यांना आताच स्पष्ट सांगावे.

त्या वहीत कुठेही नुसते ‘विमा नाही’ असे लिहू नये. ‘संपला’, ‘यासाठी लागू नाही’, ‘तेवढ्याचा नाही’, ‘आहे, पण माहीत नव्हते’, ‘नको’ यांपैकी जे खरे आहे ते लिहावे. आणि जिथे ‘नको’ लिहिले असेल, त्याच ओळीत पुढे लिहावे: मग त्या दिवशी भार कोण उचलणार? ज्याचे नाव तिथे येईल, त्याला त्या रविवारीच बोलावून विचारावे, ‘भाईजान, चालेल ना?’